गाड्याबरोबर नळ्याची यात्रा

गेल्या दिवाळीत आमच्या कन्येनं कॅमेरा घेतला. 'घेतला' या क्रियापदाचा कर्ता ती आणि पैसे देणारा मी. व्याकरणात या दुसऱ्या इसमाला 'करण' म्हणतात, असं शाळेतलं अंधुक आठवतं. कॅमेरा लेन्ससकट ५४,००० रुपयांचा. ही रक्कम माझ्या तोंडून दुकानात दोनदा निघाली. एकदा प्रश्नार्थक आणि एकदा उद्गारवाचक.

बिल फाडता फाडता काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "अंकल, प्रोटेक्शन प्लॅन टाकू ना? ४,४९९ फक्त. पडला, भिजला, चोरीला गेला, टेन्शन नाही."

मी बँकेत कारकून आहे. टक्केवारी काढायला मला कागद लागत नाही. शेकडा आठ रुपये तेहतीस पैसे, तेही दरसाल. आमच्या बँकेत मुदत ठेवीला एवढं व्याज मागायला कुणी आलं असतं, तर आम्ही त्याला पाणी देऊन बसवलं असतं. शिवाय आमच्या डोंबिवलीच्या ब्लॉकचा तीस लाखांचा विमा मी नुकताच नऊशे रुपयांत उतरवला होता. शेकडा तीन पैसे! म्हणजे ज्या घरात हा कॅमेरा राहणार, त्या घरापेक्षा कॅमेऱ्याचा दर पावणेतीनशे पट. हे मी त्या मुलाला सविस्तर सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "अंकल, घर पडत नाही. कॅमेरा पडतो."

यावर मला काही सुचलं नाही. मी बी.कॉम. आहे. तीन वर्षांत विम्यावर जे शिकलो, ते या पोरानं दोन वाक्यांत उरकलं होतं. तरी मी प्लॅन घेतला नाही. "बघू" म्हणालो. मध्यमवर्गीय माणसाच्या भाषेत 'नाही' हा शब्द नसतो, 'बघू' असतो. मग घरी येऊन खरोखरच बघायला बसलो. आणि बघता बघता पार बाबिलोनला पोचलो.

तसं पाहिलं तर विम्याची सुरुवात फिरत्या वस्तूंपासूनच झाली. इ. स. पू. १७५० च्या सुमारास हम्मुराबी राजानं दगडावर जे कायदे कोरून घेतले (तो दगड आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे), त्यातलं एक कलम असं : सावकाराचा माल घेऊन निघालेल्या व्यापाऱ्याला वाटेत शत्रूनं लुटलं, तर व्यापाऱ्यानं देवाची शपथ घेऊन तसं सांगावं आणि मोकळं व्हावं. बस्स. पोलिसांत तक्रार नाही, पंचनामा नाही, तीन प्रतींत अर्ज नाही. एक शपथ आणि हिशेब पूर्ण. हे मी हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अहो, तेव्हा लोक देवाला घाबरत होते. आता देवाचीच मूर्ती चोरतात, शपथ कुणाची घ्यायची?"

आपल्याकडे याच सोयीला जोखमी हुंडी म्हणत. पुस्तपालनाच्या तासाला आम्ही हुंड्यांचे प्रकार पाढ्यासारखे म्हणायचो : दर्शनी, मुदती, शाहजोग, धनीजोग, नामजोग, जोखमी. परीक्षेपुरतं पाठ केलं आणि विसरलो. आता कळतं, की त्यातली जोखमी म्हणजे केवढी अक्कल होती. माल गलबतावर चढवला की मालाच्या जोरावर हुंडी लिहायची आणि पैसे उचलायचे. माल सुखरूप पोचला तर हुंडीचे पैसे चुकते करायचे. गलबत बुडालं तर हुंडी घेणाऱ्याचे पैसेही त्याच्याबरोबर समुद्रात. एकाच कागदात कर्ज आणि विमा. आमच्या बँकेत या दोन गोष्टींना सतरा सह्या लागतात.

घर मात्र या भानगडीत फार उशिरा शिरलं, आणि तेही जळाल्यावर. १६६६ च्या सप्टेंबरात लंडनला आग लागली, तेरा हजारांवर घरं बेचिराख झाली. मग निकोलस बार्बन नावाच्या उपद्व्यापी डॉक्टरानं १६८० च्या सुमारास घरांचा आगीचा विमा काढायला सुरुवात केली. विटांच्या घराला जो दर, त्याच्या दुप्पट लाकडी घराला. म्हणजे दुकानातल्या त्या पोराचं तत्त्व तेव्हाच प्रस्थापित झालं होतं. (या बार्बनच्या नावात वडिलांनी म्हणे एक अख्खं धार्मिक वाक्य घातलं होतं. प्रपोजल फॉर्मच्या चौकोनांत तो ते कसं बसवत असेल, ही माझी व्यावसायिक शंका.) पण विमा घराचा, घरातल्या वस्तूंचा नव्हे. भांडीकुंडी, कपडेलत्ते, माल यांचाही विमा उतरवावा, ही कल्पना चार्ल्स पोव्हीची. तिच्यातूनच १७१० साली लंडनचं 'सन फायर ऑफिस' निघालं.

एवढं झालं तरी विमा आगीचाच. वस्तू जळाली तर पैसे, चोरानं नेली तर रामराम. आणि इथे माझ्या संशोधनाला (हा शब्द मी घरी वापरत नाही) एक गंमत सापडली.

१८८८ साली अमेरिकेत जॉर्ज ईस्टमननं कोडॅक कॅमेरा बाजारात आणला. त्याआधी फोटो काढणं म्हणजे तिपाई, काचा, रसायनं असं लग्नाच्या वऱ्हाडाएवढं सामान. हा डबा मात्र हातात मावणारा. किंमत २५ डॉलर, आत शंभर फोटोंची फिल्म. संपली की अख्खा कॅमेराच कारखान्याला पाठवायचा आणि १० डॉलर भरायचे. फोटो धुऊन, नवी फिल्म भरून कॅमेरा परत! कॅमेरा असा सुटसुटीत झाला आणि अर्थातच चोरायलाही सुटसुटीत झाला. आणि नेमक्या त्याच सुमारास लंडनला लॉइड्समध्ये कथबर्ट हीथ नावाचा तरुण बसला होता. ॲडमिरलचा मुलगा, पण कानानं अधू, म्हणून नौदलात जाता आलं नाही. लॉइड्स म्हणजे जहाजांच्या विम्याचं माहेरघर. हा पठ्ठ्या तिथे बसून घरांच्या आगीचा विमा घेऊ लागला. एकदा कुणीतरी सहज विचारलं, की आगीच्या पॉलिसीत घरफोडीही घालाल का? यानं विचार केला, घालायला काय हरकत आहे? आणि घातली. घरफोडीचा विमा असा सुरू झाला. पुढे यानंच दागिन्यांसाठी 'ऑल रिस्क' काढली : घरात असो, अंगावर असो, हरवो वा चोरीला जावो. गळ्यातल्या हाराला लागू झालेली पॉलिसी कालांतरानं गळ्यातल्या कॅमेऱ्यालाही लागू झाली. दोन्ही गळ्यातच.

यातलं मर्म माझ्या कारकुनी डोक्यात असं शिरलं, की हीथनं चोरीचं स्वतंत्र दुकान मांडलं नाही. आगीच्या गाडीला चोरी मागून बांधली. आपल्याकडे म्हण आहे ना, गाड्याबरोबर नळ्याची यात्रा. बैलगाडीच्या खाली वंगणाचा नळा टांगलेला असे. गाडी पंढरपूरला निघाली की तोही निघाला, त्याचं वेगळं भाडं नाही. एकट्या नळ्याला पंढरपूरला पाठवायचं म्हटलं तर मात्र माणूस लावावा लागेल, आणि त्या माणसाची मजुरी नळ्याच्या किमतीहून जास्त होईल. एकट्या कॅमेऱ्याचा, एकट्या फोनचा विमा महाग पडतो तो निम्मा यामुळेच. वस्तू बारकी, पण तिच्यासाठी फॉर्म तेवढाच, तपासणी तेवढीच, चेक लिहिणारा कारकूनही तेवढाच. उरलेला निम्मा, वस्तू पडते म्हणून.

हे तत्त्व आमच्या वडिलांना हीथचं नाव न ऐकताच माहीत होतं.

अण्णा रेल्वेच्या हिशेब खात्यात होते. राहायला कल्याणला, तळमजल्यावर. त्यांच्या सकाळच्या लोकलच्या टोळक्यात एक विमा कंपनीतले गृहस्थ होते. १९७३ साली सरकारनं शंभरावर खाजगी कंपन्या एकत्र करून साधारण विम्याच्या चार कंपन्या केल्या होत्या, त्यातल्या एकीतले. कुठल्या ते सांगत नाही, पुढे कारण येईल. त्यांनी अण्णांच्या गळ्यात हाउसहोल्डर्स पॉलिसी घातली. हा एक मोठा गंमतीदार कागद असे. आग-पूर, घरफोडी, ऑल रिस्क, खिडक्यांच्या काचा, टीव्ही, घरगुती उपकरणं, सायकल, प्रवासातलं सामान अशी कलमं, आणि उपाहारगृहातल्यासारखं आपल्याला हवं ते मागवायचं. जास्त पदार्थ घेतले तर सूट. अण्णांनी आग-पूर घेतलं, घरफोडी घेतली आणि ऑल रिस्कखाली एकच वस्तू लिहिली : याशिका कॅमेरा, चार हजार रुपये.

तो कॅमेरा त्यांनी १९८७ साली दुबईहून परतलेल्या शेजाऱ्याकडून घेतला होता. त्याचं स्थान देवघराखालोखाल. वर्षाला दोन रोल, म्हणजे बहात्तर फोटो. सणासुदीला प्रत्येकी दोन असं अंदाजपत्रक. रोल संपल्याशिवाय धुवायला द्यायचा नाही, त्यामुळे एकाच पाकिटातून पाडव्याची गुढी आणि दिवाळीचा कंदील एकदम बाहेर पडत. निगेटिव्ह सगळ्या बुटाच्या खोक्यात, सालवार. खोकं लोखंडी कपाटाच्या तळच्या कप्प्यात.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. मी तेव्हा बँकेत नुकताच लागलो होतो. ती रात्र मुंबईच्या शाखेत काउंटरवर आडवं पडून काढली. ग्राहकाला काउंटर किती टणक वाटत असेल याची त्या रात्री कल्पना आली. दोन दिवसांनी बराचसा रुळांवरून चालत कल्याण गाठलं. तळमजल्यात छातीभर पाणी येऊन गेलं होतं. आई १९९९ सालीच गेलेली, अण्णा एकटेच होते. ते वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे सुखरूप, लेंगा-बनियनवर बसलेले, आणि छातीशी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी.

"कॅमेरा आणलात ना वर?" मी विचारलं.

"कॅमेरा कशाला? पॉलिसी आणली."

बरोबरच होतं. रेल्वेच्या हिशेब खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला वस्तूपेक्षा तिचा कागद खरा वाटतो.

आठवड्यानं गमबूट घातलेले सर्व्हेअर आले. सभ्य गृहस्थ. चिखलातून फिरून त्यांनी एकेक वस्तू लिहून घेतली, आकडेमोड केली आणि म्हणाले, "काका, तुमच्या घरात एक लाख वीस हजारांचं सामान होतं." अण्णांचा चेहरा उजळला. जन्मात प्रथमच त्यांना कुणी श्रीमंत म्हणत होतं. "पण विमा तुम्ही साठ हजारांचाच उतरवलाय." हो, हप्ता वाचवायला. "म्हणजे निम्म्याच सामानाचा. निम्म्याचा विमा, तर नुकसानीचेही निम्मेच पैसे. नुकसान अठ्ठेचाळीस हजार, मिळणार चोवीस." याला ॲव्हरेजचं कलम म्हणतात. मी ते परीक्षेत उदाहरणासह सोडवून पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. आमच्याच घराचं उदाहरण येईल, असं अभ्यासक्रमात नव्हतं. अण्णांनी दरवर्षी शे-दीडशे रुपये वाचवले होते, त्याची ही वसुली.

मग कॅमेरा. तो कपाटातून निघाला तेव्हा लेन्सच्या आत पाणी हलत होतं, एखाद्या छोट्या मत्स्यालयासारखं.

"बिल?"

"दुबईचा माल, साहेब. बिल कसलं?"

"मग हाच तुमचा, हे कशावरून? कॅमेऱ्याचा एखादा फोटो?"

कॅमेऱ्याचा फोटो! अठरा वर्षांत त्या कॅमेऱ्यानं आम्हा सगळ्यांचे फोटो काढले होते. त्याचा काढणार कोण, आणि कशानं? अण्णा क्षणभर गप्प बसले. मग उठले आणि भिंतीवर, पाण्याच्या रेषेच्या जेमतेम वीतभर वर टांगलेली एक फ्रेम काढून आणली. नवा कॅमेरा आला त्या दिवशी त्यांनी कपाटाच्या आरशासमोर उभं राहून स्वतःचाच फोटो काढला होता. छातीशी कॅमेरा, त्यावरचं नाव आरशात उलटं. हल्ली या प्रकाराला नाव आहे. तेव्हा आम्ही 'अण्णांचा वाया गेलेला फोटो' म्हणत असू. मागे दारात आई उभी, हातात सूप, आणि "एक फोटो फुकट घालवलात" असं म्हणत असलेला चेहरा. तिचा इतका चांगला फोटो दुसरा नव्हता. इतर सगळ्या फोटोंत ती फोटो काढून घ्यायला उभी आहे.

सर्व्हेअर खूष झाले. "उत्तम पुरावा! हा फाइलला लावावा लागेल."

"परत मिळेल ना?"

"मिळेल की. ऑफिसात एक अर्ज टाका."

नोव्हेंबरात चेक आला. त्यात कॅमेऱ्याचे, घसारा वजा जाता, २,३०० रुपये होते. फोटो आला नाही. अण्णांनी अर्ज टाकला. मग दुसरा. प्रत्येकाखाली 'आपला विश्वासू'. पाचव्या अर्जाला टंकलिखित उत्तर आलं : आपला दावा पूर्णपणे निकाली निघाला असल्याने आपले काहीही येणे बाकी नाही. बुटाचं खोकं तर आधीच लगदा झालं होतं, त्यामुळे निगेटिव्हही नाही. घरातल्या निगेटिव्हची किंमत किती धरलीत, असं मी सर्व्हेअरना विचारलं होतं. ते म्हणाले, "कोऱ्या फिल्मची धरता येईल फार तर." नियमानं अगदी बरोबर. विमा नुकसान भरून देतो, आणि नुकसान म्हणजे बाजारात ज्याला गिऱ्हाईक आहे ते.

अण्णा २०१४ साली गेले. त्यानंतर मी एकदा त्या कार्यालयात जाऊन आलो. मुदत संपलेल्या फाइली नष्ट केल्या, असं तिथल्या माणसानं सांगितलं. मला राग यायला हवा होता, पण मीही दरसाल तेच करतो. जुन्या व्हाउचरांचे गठ्ठे बांधून, यादी करून, सही घेऊन. फक्त त्या दिवसापासून गठ्ठा बांधण्याआधी एकदा चाळतो. आजवर दोन रेल्वेचे पास, एक राखी आणि कुणाच्या तरी बारशाचं आमंत्रण सापडलं. शाखेत मला यामुळे चक्रम समजतात.

मधल्या काळात विम्यात बरंच पाणी वाहून गेलं. (हा वाक्प्रचार मी कल्याणच्या माणसासमोर वापरत नाही.) खाजगी कंपन्या आल्या. दर ठरवून देणारी सरकारी टॅरिफ २००७ पासून मोडीत निघाली. आमच्या बँकांच्या काउंटरवरही पॉलिसी विकायला आल्या आणि मी विमा विकू लागलो. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकानं घरांसाठी 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी सगळ्या कंपन्यांना लावली. घराच्या रकमेच्या वीस टक्के, पण जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत, घरातल्या साध्या सामानाला आपोआप संरक्षण. आणि ते ॲव्हरेजचं कलम त्यातून काढून टाकलं! विमा कमी उतरवला तरी त्या रकमेपर्यंत पुरे पैसे. अण्णांना सात वर्षं कमी पडली.

पण गळ्यात अडकवून बाहेर पडलेला कॅमेरा यात येत नाही. त्याला अजूनही हीथच लागतो. शोधता शोधता मला घराच्याच पॅकेज पॉलिसीत ऑल रिस्कची ओळ सापडली. कॅमेरा, नंबरासह, ५४,००० : हप्ता ६७५ रुपये. शेकडा सव्वा. पहिलं थोडं नुकसान आपण सोसायचं, ही अट. ती मी आनंदानं मान्य केली, कारण थोडं नुकसान सोसायची मला लग्नापासून सवय आहे.

फॉर्म भरताना एक प्रश्न आला : वस्तूचा वापर खाजगी की व्यावसायिक? मी 'खाजगी' लिहिणार, तेवढ्यात कन्या म्हणाली, "बाबा, मी रियाच्या ताईच्या साखरपुड्याचे दोन हजार घेतलेत." झालं! १७६६ साली लॉर्ड मॅन्सफिल्डनं एका खटल्यात बजावून ठेवलंय, की विमा घेणाऱ्यानं आपल्याला ठाऊक असलेलं सगळं खरंखरं सांगितलं पाहिजे, कारण समोरच्याला ते ठाऊक असायचा दुसरा मार्ग नाही. आमच्या पुस्तकात याला 'परम सद्भाव' म्हटलं होतं, जणू काही एखाद्या स्वामींचं नाव. हिचं मत पडलं, की दोन हजारांसाठी कोण विचारतंय. मी पावणेतीनशे पटीच्या हिशेबापासून मॅन्सफिल्डपर्यंत सगळं पुन्हा सांगायला लागलो. ते ऐकण्यापेक्षा कन्येनं रियाच्या ताईचे पैसे परत करून टाकले. आता ते फोटो अहेर म्हणून गेले आहेत आणि फॉर्मवर 'खाजगी' हे खरं आहे.

शेवटी कंपनीनं वस्तूचा फोटो मागितला. कन्या फोनवरून नुसत्या कॅमेऱ्याचा काढणार होती. मी म्हटलं, "असा नको. तू गळ्यात घाल आणि आरशासमोर उभी राहा." तिनं फोन उंच धरला. मागे स्वयंपाकघराच्या दारात ही कणकेच्या हातानं उभी होती. "अहो, मी येतेय का त्यात? माझा अवतार बघा!"

"येतेयस," मी म्हणालो, आणि कन्येला सांगितलं, "कंपनीला एक पाठव. आणि दोन प्रती कागदावर काढून आण."